नायसिनामाइड व त्वचा : वांग आणि मुरुमांच्या चिकित्सेत जीवनसत्त्व ब-३ चे स्थान

प्रास्ताविक

गेल्या काही वर्षांत औषध दुकानांच्या फडताळांत 'नायसिनामाइड' हे नाव ठळक अक्षरांत छापलेल्या बाटल्यांची गर्दी झाली आहे. रुग्ण अशी बाटली हातात घेऊनच दवाखान्यात येतो आणि विचारतो, "डॉक्टर, हे लावू का? तुमच्या लेपाबरोबर चालेल का?" यावर आपल्यापैकी काही जण "रासायनिक आहे, नको" असे सांगून मोकळे होतात, तर काही जण "जीवनसत्त्वच आहे, खुशाल लावा" असे म्हणतात. ही दोन्ही उत्तरे द्रव्याची माहिती नसताना दिलेली असतात. द्रव्याचे गुण, कर्म व मर्यादा जाणून मगच त्याची योजना करावी, ही तर आपल्या शास्त्राची पहिली शिकवण आहे.

प्रस्तुत लेखात आम्ही नायसिनामाइडचा परिचय, त्वचेवरील त्याचे कार्य, त्यासंबंधीच्या अभ्यासांचे निष्कर्ष आणि वैद्यकव्यवसायात त्याची योजना यांचा विचार करणार आहोत. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : हे द्रव्य मंद गतीने काम करणारे, सौम्य आणि मर्यादित गुणाचे आहे. चेहऱ्यावरील वांग व मुरुमांसाठी आज घरोघरी स्टेरॉइडयुक्त मलमांचा जो अनिर्बंध वापर चालला आहे, त्यापासून रुग्णाला दूर ठेवण्यासाठी असे सौम्य द्रव्य हाताशी असणे वैद्य व औषध विक्रेते या दोघांच्याही उपयोगाचे आहे.

त्वचेच्या रोगातून लागलेला शोध

त्वचेवर दिसणाऱ्या एका व्याधीमुळेच या जीवनसत्त्वाचा शोध लागला, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्पेनमधील गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली मका खाऊन राहणाऱ्या गरीब शेतकऱ्यांमधील एका रोगाचे वर्णन केले. उन्हाला उघड्या राहणाऱ्या भागांवरील त्वचा लालसर, पुढे काळी व खरखरीत होई. मानेभोवती हाराप्रमाणे पट्टा उमटे. त्यास आजही 'कासालचा हार' म्हणतात. १७७१ साली इटलीतील फ्रान्चेस्को फ्रापोली यांनी या रोगाला 'पेलाग्रा' हे नाव रूढ केले. खरखरीत त्वचा असाच त्या शब्दाचा अर्थ. त्वचादाह, अतिसार व बुद्धिभ्रंश ही त्याची तीन प्रमुख लक्षणे आणि उपचाराअभावी मृत्यू हा त्याचा शेवट.

हा रोग संसर्गजन्य आहे, असा समज दीर्घकाळ होता. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून केलेल्या कार्यातून तो आहारदोषजन्य असल्याचे दाखवले. १९३७ साली कॉनराड एल्व्हेयम यांनी कुत्र्यांमधील तत्सम रोग निकोटिनिक आम्लाने बरा होतो, हे सिद्ध केले आणि पेलाग्राचे कोडे सुटले.

या कथेचा एक अध्याय आपल्या दख्खनच्या पठाराशी जोडलेला आहे. मक्याऐवजी ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या शेतमजुरांमध्येही पेलाग्रा आढळत असे. हैदराबाद येथील पोषणसंशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी या रुग्णांचा अभ्यास केला आणि ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाचे आधिक्य हे त्याचे एक कारण असल्याची उपपत्ती १९६० साली मांडली. पुढे या उपपत्तीवर मतभेद झाले. तथापि केवळ एका धान्यावर राहणाऱ्या माणसाची त्वचा त्या अन्नाची साक्ष देते, हे त्या कार्याने ठसवले. ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळ, भुईमूग, दूध किंवा ताक असणे का आवश्यक, याचे उत्तरही त्यात आहे. या पदार्थांतील ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीर स्वतःच नायसिन तयार करते. सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायसिन मिळते.

पेलाग्रा आज विरळ झाला असला तरी संपलेला नाही. अतिमद्यपान करणारे, दीर्घकाळ अतिसाराने क्षीण झालेले आणि क्षयावर आयसोनियाझिड घेणारे रुग्ण यांच्यात तो दिसू शकतो. दोन्ही हातांवर व मानेवर उन्हाच्या जागी सारखीच काळपट, खरखरीत त्वचा आणि त्याबरोबर अतिसार वा भ्रम असेल, तर तेथे लेप वा मलम लावीत बसू नये. तो रुग्ण तत्काळ तपासणीसाठी पाठवावा. त्याला जीवनसत्त्व पोटातून द्यावे लागते.

द्रव्यपरिचय

जीवनसत्त्व ब-३ ची दोन प्रमुख रूपे आहेत : निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन, आणि त्याचे अमाइड, म्हणजे नायसिनामाइड किंवा निकोटिनामाइड. शेवटची दोन नावे एकाच द्रव्याची आहेत. 'निकोटिन' शब्द पाहून काही रुग्ण तंबाखूच्या शंकेने बिचकतात. निकोटिनिक आम्ल प्रथम प्रयोगशाळेत निकोटिनपासून बनवले गेले, म्हणून ते नाव पडले. तंबाखूचे कोणतेही कर्म या जीवनसत्त्वात नाही. हा गैरसमज टळावा म्हणूनच पुढे 'नायसिन' हे नाव प्रचारात आले.

जीवनसत्त्व म्हणून दोन्ही रूपे सारखी असली तरी औषध म्हणून त्यांत भेद आहे. निकोटिनिक आम्ल मोठ्या मात्रेत घेतल्यास चेहरा लाल होतो, आग होते, खाज सुटते. नायसिनामाइडने सहसा असे होत नाही, म्हणून सौंदर्यप्रसाधनांत तेच वापरतात. ते पाण्यात सहज विरघळते, प्रकाशात व हवेत टिकते. जीवनसत्त्व क प्रमाणे ते बाटलीत पिवळे पडून निकामी होत नाही. साधारणतः ५ ते ७ सामू असलेल्या माध्यमात ते उत्तम राहते. अतिआम्ल माध्यमात दीर्घकाळ साठवल्यास मात्र त्याचा काही अंश निकोटिनिक आम्लात रूपांतरित होतो आणि मग लावल्यावर चेहरा लाल होण्याचा संभव असतो. म्हणून घरी लिंबाचा रस घालून मिश्रणे तयार करणाऱ्यांना वेळीच थांबवावे.

त्वचेवरील कार्य

त्वचेतील पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या व दुरुस्तीस साहाय्य करणाऱ्या दोन महत्त्वाच्या सहविकरांचा हे द्रव्य घटक आहे. त्यामुळे त्याचे कार्य एकाच ठिकाणी मर्यादित राहत नाही. व्यवहारोपयोगी कार्ये पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) त्वचेच्या बाह्य आवरणाची दुरुस्ती : त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशी विटांसारख्या रचलेल्या असून त्यांमध्ये सिरॅमाइड इत्यादी स्निग्ध द्रव्यांचा गिलावा असतो. हा गिलावा झिजला की त्वचेतील पाणी उडून जाते, त्वचा कोरडी होते आणि साबण, धूळ, ऊन काहीही सहन होत नाही. नायसिनामाइडमुळे सिरॅमाइडची निर्मिती वाढते, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या जपानी संशोधनात दाखवले गेले. कोरड्या त्वचेवर लावल्यास पाण्याचा ऱ्हास कमी होतो. आमच्या मते या द्रव्याचा सर्वांत विश्वसनीय गुण हाच होय.

२) वर्णावरील परिणाम : मेलॅनिन हे रंजकद्रव्य विशिष्ट पेशींत तयार होते आणि लहान पिशव्यांत भरून शेजारच्या पेशींना पुरवले जाते. हायड्रोक्विनोनसारखी द्रव्ये मेलॅनिनची निर्मितीच रोखतात. नायसिनामाइड निर्मितीला हात लावत नाही. ते या पिशव्यांच्या वहनात अडथळा आणते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, परीक्षानळीतील पेशींमध्ये हे वहन ३५ ते ६८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हा परिणाम तात्पुरता असतो. द्रव्य थांबवले की वहन पूर्ववत होते. म्हणून रंजक पेशी नष्ट होऊन पांढरे डाग पडण्याचे भय येथे नाही. मात्र कायमचे गोरेपणही याने येत नाही, हे रुग्णाला सांगितलेच पाहिजे.

३) शोथ व तेलकटपणा : हे द्रव्य शोथकारक घटकांचे प्रमाण कमी करते. त्यामुळे मुरुमांची लाली उतरते. २ टक्के नायसिनामाइडने त्वचेवरील तेलाचे प्रमाण घटल्याचेही नोंदले गेले आहे.

४) वयपरत्वे होणारे बदल : ५ टक्के नायसिनामाइड चेहऱ्याच्या एका बाजूस व साधे मलम दुसऱ्या बाजूस असे १२ आठवडे लावून ५० गौरवर्णीय स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात बारीक सुरकुत्या, डाग व पिवळटपणा यांत फरक दिसला. फरक खरा असला तरी माफक होता. जाहिरातींतील चित्रे पाहून आलेल्या रुग्णाची अपेक्षा वैद्याने आधीच खाली आणलेली बरी.

तुलनात्मक अभ्यास काय सांगतात

मुरुमांसंबंधी १९९५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास महत्त्वाचा आहे. ७६ रुग्णांना दोन गटांत विभागून एकास ४ टक्के नायसिनामाइड जेल व दुसऱ्यास १ टक्का क्लिंडामायसिन जेल दिवसातून दोनदा, ८ आठवडे लावण्यास दिले. दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच लाभ झाला. प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे होत आहेत, अशा काळात प्रतिजैविक नसलेल्या द्रव्याने मिळालेला हा परिणाम विचारात घेण्यासारखा आहे. तथापि रुग्णसंख्या लहान आहे आणि मध्यम स्वरूपाच्या मुरुमांपुरताच त्याचा आधार घ्यावा. गाठी, पू व व्रण करणाऱ्या तीव्र मुरुमांना हे द्रव्य एकट्याने पुरे पडत नाही.

वांगासंबंधी २०११ साली मेक्सिकोतून आलेला अभ्यास असाच उद्बोधक आहे. २७ स्त्रियांच्या चेहऱ्याच्या एका बाजूस ४ टक्के नायसिनामाइड व दुसऱ्या बाजूस ४ टक्के हायड्रोक्विनोन ८ आठवडे लावले. चांगला ते उत्कृष्ट लाभ नायसिनामाइडच्या बाजूस ४४ टक्के, तर हायड्रोक्विनोनच्या बाजूस ५५ टक्के स्त्रियांत आढळला. दाह, खाज इत्यादी उपद्रव अनुक्रमे १८ व २९ टक्के होते. म्हणजे गुण किंचित कमी आणि त्रासही कमी. हायड्रोक्विनोन दीर्घकाळ वापरल्यास त्वचेवर निळसर-काळे डाग कायमचे बसू शकतात, हे ध्यानी घेतल्यास महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या वांगात या तुलनेचे महत्त्व कळते.

पोटातून घेण्याविषयी

"लावण्यापेक्षा गोळीच घेतली तर?" असाही प्रश्न येतो. ऑस्ट्रेलियात, पूर्वी त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या ३८६ व्यक्तींवर झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५०० मिलिग्रॅम नायसिनामाइड दिवसातून दोनदा, वर्षभर दिल्याने काही प्रकारच्या नव्या कर्करोगांचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटले. गोळ्या थांबवल्यावर हा लाभ राहिला नाही. २०२३ साली अवयवरोपण झालेल्या रुग्णांवरील अभ्यासात तर लाभ आढळलाच नाही. उपरोक्त निष्कर्ष गौरवर्णीय व अतिजोखमीच्या व्यक्तींचे आहेत; आपल्याकडील वांगाच्या रुग्णास ते लागू करणे योग्य नाही. शिवाय २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, शरीरातील अतिरिक्त नायसिनपासून बनणाऱ्या अंतिम घटकांचा हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांशी संबंध दिसून आला आहे. सबब केवळ कांतीसाठी मोठ्या मात्रेच्या गोळ्या देऊ नयेत, असे आम्हास वाटते.

खरा प्रश्न : स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा

वांगाच्या रुग्णाचा प्रवास आपल्या परिचयाचा आहे. बाळंतपणानंतर गालांवर काळसर डाग येतात. शेजारीण एका ट्यूबचे नाव सांगते. दुकानातून ती सहज मिळते. आठ-दहा दिवसांत डाग फिके होतात, चेहरा उजळतो आणि रुग्णाला वाटते, औषध सापडले. पुढे ट्यूब थांबवली की चेहरा लाल होतो, आग होते, डाग अधिक गडद होऊन परततात. म्हणून ट्यूब पुन्हा सुरू होते. वर्षभरात त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्यांचे जाळे दिसू लागते, हनुवटीवर लव वाढते, पुळ्या येतात. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन यांचे मिश्रण असते.

भारतातील अनेक केंद्रांत मिळून चेहऱ्याच्या त्वचाविकारांच्या २९२६ रुग्णांची पाहणी करणारा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४३३, म्हणजे १४.८ टक्के रुग्ण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावीत होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरव्यतिरिक्त अन्य कोणीतरी सुचवले होते. २०१८ साली केंद्र शासनाने अनेक बाह्योपयोगी स्टेरॉइडांना अनुसूची 'एच' मधील सवलत काढून ती चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. नियम झाला, तरी चिठ्ठीविना विक्री पूर्णपणे थांबलेली नाही, हे व्यवसायातील प्रत्येकास ठाऊक आहे.

दुसरा धोका अज्ञात डब्यांतील 'गोरेपणाच्या' मलमांचा. केरळमधील कोट्टक्कल येथील रुग्णालयात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात वृक्काच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी १५ रुग्णांत या विकाराचा एक विरळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण अशी मलमे वापरीत होते. अशा मलमांतील पारा त्वचेतून शरीरात जाऊन वृक्क बिघडवतो. शोधन-मारणाचे संस्कार झालेल्या रसौषधींशी परिचित असलेल्या आपल्या समाजाने असंस्कारित पाऱ्याच्या या चोरट्या वापराविरुद्ध सर्वांच्या आधी बोलले पाहिजे. 'आयुर्वेदिक' असे लिहिलेल्या, पण परवाना क्रमांक, घटक व निर्मात्याचा पत्ता नसलेल्या डब्या आपल्याच शास्त्राचे नाव बदनाम करतात.

नायसिनामाइडचे महत्त्व येथे आहे. रुग्णाला "ती ट्यूब सोडा" एवढेच सांगून भागत नाही. सोडल्यानंतर काय लावायचे, हेही सांगावे लागते. तसे न सांगितल्यास तो पुन्हा त्याच दुकानात जातो.

आयुर्वेदीय विचार

सुश्रुताचार्यांनी त्वचेचे सात थर सांगताना लोहिता या दुसऱ्या थरास तिलकालक, न्यच्छ व व्यंग यांचे अधिष्ठान म्हटले आहे. व्यंगाच्या संप्राप्तीत क्रोध व आयास या हेतूंनी प्रकुपित वात पित्ताशी संयुक्त होऊन मुखाचा आश्रय करतो, असे वर्णन येते. मुखदूषिकांत कफ, वात व रक्त यांची दुष्टी सांगितली आहे. चरकाचार्यांच्या वर्ण्य महाकषायात चंदन, पद्मक, उशीर, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा इत्यादी द्रव्ये येतात.

मंजिष्ठा वर्ण्य आहे आणि नायसिनामाइडही डाग फिके करते, म्हणून ते 'आधुनिक वर्ण्य द्रव्य' होय, असे समीकरण मात्र कोणी मांडू नये. वर्ण्य द्रव्यांची योजना दोष, दूष्य, अग्नी व प्रकृती पाहून होते. नायसिनामाइड त्वचेच्या वरच्या थरांत स्थानिक काम करते. ते निदानपरिवर्जन करीत नाही, रक्तप्रसादन करीत नाही, विबंध दूर करीत नाही. चुलीजवळ किंवा भट्टीजवळ दिवसभर राबणाऱ्या, रात्री जागणाऱ्या, आंबट-खारट-तिखट अतिमात्रेत खाणाऱ्या रुग्णाचा वांग केवळ बाटलीने जाणार नाही. अशा वेळी विरेचन, रक्तप्रसादक योग व पथ्य यांना पर्याय नाही. आभ्यंतर चिकित्सा आपली, आणि बाह्य आवरणाच्या दुरुस्तीसाठी हे एक साहाय्यक द्रव्य, अशी विभागणी आम्हास व्यवहार्य वाटते.

प्रत्यक्ष योजना

१) निदान आधी करावे. मानेवर, काखेत मखमलीसारखी जाड काळी त्वचा असल्यास रक्तशर्करा तपासावी. तो वांग नव्हे. बधिर चट्टा असल्यास कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. कडेने पसरणारा, खाजणारा गोल चट्टा गजकर्णाचा असू शकतो; स्टेरॉइड लावलेल्या रुग्णात त्याचे रूप ओळखू येत नाही.

२) मात्रा २ ते ५ टक्के पुरे. बहुतेक अभ्यास याच प्रमाणात झाले आहेत. १० टक्क्यांचे द्रावण दुप्पट गुण देते असे नाही. नाजूक त्वचेवर आग व लाली मात्र वाढवू शकते.

३) प्रथम कोपराच्या आतील बाजूस तीन दिवस लावून पाहावे. त्रास न झाल्यास चेहऱ्यावर आरंभी रात्री एकदा, आठवड्यानंतर दिवसातून दोनदा लावावे.

४) लेपाबरोबर मिसळू नये. लेप रात्री लावू नये व वाळल्यावर ठेवू नये, हा शास्त्रोक्त नियम पाळावा. दिवसा लेप काढून, चेहरा कोमट पाण्याने धुऊन, टिपून घेतल्यावर नायसिनामाइड लावावे. रात्री कुंकुमादी तैल द्यायचे असल्यास आधी पाण्यातील द्रावण, ते मुरल्यावर दोन-तीन थेंब तैल, असा क्रम ठेवावा. तेलकट त्वचेच्या मुरुमांत तैल टाळणेच बरे.

५) ऊन टाळणे हा वांगाच्या चिकित्सेचा अर्धा भाग आहे. पदर, टोपी, छत्री यांबरोबर सनस्क्रीन सुचवावे. वांगात दृश्य प्रकाशही अपाय करतो. म्हणून लोह ऑक्साइडयुक्त, रंग असलेले सनस्क्रीन अधिक उपयुक्त ठरते. हे न पाळल्यास कोणतेच द्रव्य गुण देत नाही.

६) गर्भिणी अवस्थेत रेटिनॉइड व हायड्रोक्विनोन वर्ज्य करावे. नायसिनामाइडचा बाह्य उपयोग सामान्यतः सुरक्षित मानला जातो. तरीही प्रसूतीनंतर वांग पुष्कळदा आपोआप फिका होतो, हे सांगून धीर द्यावा.

७) कालावधी ८ ते १२ आठवडे. आरंभी व दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात छायाचित्र घ्यावे. सावकाश होणारा फरक आरशात दिसत नाही आणि रुग्ण मध्येच सोडून देतो.

८) दीर्घकाळ स्टेरॉइड लावलेल्या रुग्णात सर्व प्रयोग एकदम करू नयेत. ट्यूब अचानक थांबवल्यास चेहरा भडकतो, याची पूर्वकल्पना द्यावी. तीव्र अवस्थेत त्वचारोगतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. त्या काळात केवळ सौम्य, सुगंधरहित स्निग्ध मलम व शीत उपचार ठेवावेत. हळद, लिंबू, दालचिनी यांसारखी तीक्ष्ण द्रव्ये चेहऱ्यावर घासू नयेत. दाह शमल्यावर अल्प प्रमाणातील नायसिनामाइड सुरू करता येते.

औषध विक्रेत्यांसाठी

औषध विक्रेता हा अनेक रुग्णांचा पहिला सल्लागार असतो. त्यांना आमच्या काही विनंत्या आहेत.

चेहऱ्यावरील डागांसाठी कोणी नाव घेऊन ट्यूब मागितल्यास वेष्टनावरील घटक वाचावेत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असल्यास चिठ्ठीशिवाय देऊ नये. "पूर्वी डॉक्टरांनी दिली होती" हे उत्तर चिठ्ठीचे काम करीत नाही.

प्रसाधनाच्या वेष्टनावर घटक साधारणतः उतरत्या प्रमाणाने छापलेले असतात. नायसिनामाइडचे नाव यादीच्या अगदी शेवटी, सुगंध व रंगांच्या शेजारी असेल, तर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या नावाला फारसा अर्थ नाही. निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक, उत्पादन व मुदतसमाप्तीचा दिनांक पाहूनच माल घ्यावा.

नायसिनामाइड मिसळलेले मलम 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून विकू नये. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार आयुर्वेदीय औषधात अधिकृत ग्रंथांत वर्णिलेली द्रव्येच असावी लागतात. कृत्रिम रीतीने बनवलेले जीवनसत्त्व त्यात बसत नाही. जे आहे ते त्याच नावाने विकण्यात ग्राहकाचे व व्यवसायाचे दोघांचेही हित आहे.

आणि 'गोरेपणा' हा शब्द काउंटरवर वापरू नये, ही कळकळीची विनंती. डाग फिका होणे व जन्मजात वर्ण बदलणे या भिन्न गोष्टी आहेत. सावळ्या मुलीला लग्न ठरण्यापूर्वी ट्यूब लावायला लावणारा समज आपण विकलेल्या प्रत्येक डबीबरोबर थोडा थोडा बळकट होत असतो.

समारोप

नायसिनामाइड त्वचेच्या आवरणाची डागडुजी करते, डागांचा गडदपणा काही अंशी उतरवते, मुरुमांची लाली कमी करते आणि फारसा अपाय करीत नाही. त्याला वेळ लागतो आणि वापर थांबवल्यास डागांवरील परिणाम ओसरतो. हे दोन्ही रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगितले, तर तो आठ आठवडे धीर धरतो, असा आमचा अनुभव आहे. न सांगितल्यास तो पंधराव्या दिवशी पुन्हा जुन्या ट्यूबकडे वळतो.

वैद्य, औषध विक्रेते व रुग्ण या तिघांनी मिळून ही साखळी तोडावयाची आहे. आपापल्या दवाखान्यात येणाऱ्या वांगाच्या प्रत्येक रुग्णाला "यापूर्वी चेहऱ्यावर काय काय लावले?" हा प्रश्न विचारावा, शक्य तर ट्यूब व डब्या घेऊन येण्यास सांगावे आणि त्यांवरील घटकांची नोंद रुग्णपत्रिकेवर करावी. एवढी साधी सवय आपण सर्वांनी लावून घेतली, तरी अनेक चेहरे बिघडण्यापूर्वीच वाचतील.